काटा केव्हा चढतो, ते आधी बघा

वैभववाडीकडून जांभा चिरा भरून करूळ घाट चढणारी डिझेल पिकअप गगनबावड्याला पोचेस्तोवर हीट होते. तीच गाडी कोल्हापूर-कागल हायवेला मात्र निवांत पळते. अशा गाडीचा रेडिएटर उतरवायची घाई करू नका. तापमानाचा काटा कोणत्या वेळी चढतो यातच निम्मं निदान असतं.

जळालेल्या डिझेलच्या ऊर्जेतली साधारण एक तृतीयांश कामी येते, जवळपास तेवढीच सायलेन्सरमधून जाते आणि उरलेल्यातली बरीचशी उष्णता कूलंटला, म्हणजे इंजिन आणि रेडिएटरमधून फिरणाऱ्या पाण्याला, वाहून न्यावी लागते. घाटात दुसऱ्या गिअरला इंजिन सगळी ताकद लावतं, पण वेग कमी असल्याने समोरचा वारा मिळत नाही. सगळी भिस्त पंख्यावर. व्हिस्कस पंखा (सिलिकॉन तेल भरलेल्या क्लचमधून इंजिनवर फिरणारा) असेल तर गरम इंजिन बंद करून, चावी काढून, पातं हाताने फिरवा. ते जड लागलं पाहिजे. मोकळं गरगर फिरलं किंवा पंख्याच्या क्लचवर तेलकट ओघळ दिसला, तर आतलं सिलिकॉन तेल गेलंय. इलेक्ट्रिक पंख्याला मात्र हात लावू नका. तो इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो.

उसाच्या हंगामात पाचटाचे तुकडे आणि चिपाडाचा भुसा इंटरकूलर किंवा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत दाटतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते, म्हणून फटीत बॅटरी मारूनच बघा. इंजिनच्या बाजूने बाहेर, साध्या पाइपने धुवा. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनने रेडिएटरच्या पातळ पत्र्या दुमडतात.

सपाट हायवेला 80 च्या वेगातच काटा चढत असेल, तर हवा भरपूर आहे, पाणी कमी फिरतंय. (अशी गाडी भरून घाटात नेली तर तापणारच.) बोअरचं पाणी ओतत राहिल्याने नळ्यांत क्षार बसतात. इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवर फिरवा: मध्येच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. रेडिएटरचा खालचा होसही (रबरी पाइप) तपासा. पंप त्यातूनच पाणी ओढतो, आणि आतली स्प्रिंग गंजली असेल तर रेस वाढवल्यावर होस चपटा होतो.

रेडिएटरचं झाकण स्वस्त असतं म्हणून दुर्लक्षित राहतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाने 1 बार दाब धरला की उत्कलनबिंदू 120 च्या जवळ जातो. स्प्रिंग सैल झाली की बाकी सगळं ठीक असूनही पाणी उकळून बाहेर येतं. गरम असताना झाकण का उघडायचं नाही, तेही यातच आहे: 110 अंशांवरच्या 1 लिटर पाण्यावरचा दाब अचानक गेला, तर क्षणात 35 लिटरच्या आसपास वाफ होते.

गार इंजिन सुरू करताच मिनिटाभरात वरचा होस दगडासारखा झाला, रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबेनात, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं असेल किंवा हेडला तडा असेल. कूलंट कमी होतंय पण जमिनीवर थेंब नाही, तरी हाच संशय धरा. आणि तापलेल्या गाडीचा काटा एकाएकी खाली आला तर खूश होऊ नका. पाणी सेन्सरच्या खाली गेल्याने तो बहुधा हवेचं तापमान दाखवतोय. लगेच इंजिन बंद करा.

आपल्याकडे सर्रास थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकतात. हा उपाय चुकीचाच आहे. इंजिन गारच राहून डिझेल जास्त खातं, झीज वाढते. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच गरम झाल्यावर बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला की काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत फिरतं, आणि भर चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते. संशय असेल तर तो दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात, तळाला न टेकवता सोडा आणि थर्मामीटर लावून तापवा. त्यावर 82 कोरलेलं असेल तर साधारण तिथेच उघडायला लागून 95 च्या आसपास पूर्ण उघडला पाहिजे. नाही उघडला, तर त्याच अंशांचा नवा बसवा.