मशीन अपुरं पडतंय की काम अडकतंय?

एप्रिल उजाडला की सोलापुरातल्या गणवेशाच्या कारखान्यांत रात्री उशिरापर्यंत दिवे चालू राहतात. जूनच्या मध्यावर शाळा भरतात, त्याच्या आत शर्ट, पिनाफोर, ट्रॅकसूट गावोगावी पोचायला हवेत. त्या कपड्यांच्या खिशांवर शाळेचा लोगो भरायचं काम एक-दोन मशीन टाकून बसलेल्या एम्ब्रॉयडरीवाल्यांकडे येतं. याच दिवसांत त्यांच्याकडून हमखास ऐकू येतं, "आता दुसरं मशीन घेतल्याशिवाय भागत नाही."

कधी ते खरंच असतं. पण मशीन अपुरं पडणं आणि काम अडकणं या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. दोन्हींत माल तुंबतो, गिऱ्हाइकाचे फोन येतात, रात्र जागावी लागते. फरक इतकाच, की पहिलीवर नवं मशीन हा उपाय आहे. दुसरीत नवं मशीन घेतलं तर काम दोन ठिकाणी अडकायला लागतं, आणि वर बँकेचा हप्ता सुरू होतो.

ओळखायचं कसं? अंदाजावर जाऊ नका, टाके मोजा. कॉम्प्युटर मशीनच्या स्क्रीनवर टाक्यांचा आकडा दिसतो, तो रोज संध्याकाळी वहीत उतरवा. समजा, मशीन मिनिटाला 750 टाक्यांवर लावलंय आणि दुकान आठ तास चालतं. एक क्षणही न थांबता ते चाललं तर 3,60,000 टाके होतील. तसं कधीच होत नाही. रंग बदलताना, धागा कापताना, कापड ताणून धरणारी फ्रेम चढवताना ते थांबणारच. पण दिवसअखेरीस आकडा 1,80,000 असेल, तर तुमचं मशीन अर्धा दिवस उभं होतं. दिवसभर घाम गाळूनही. माझ्या मते एका हेडच्या, म्हणजे एका वेळी एकच नग भरणाऱ्या मशीनवर 2,70,000 च्या आसपास काम निघायला लागलं आणि तरीही माल शिल्लक राहिला, तरच मशीन अपुरं पडतंय असं म्हणावं. टॉवेलवर भरणाऱ्यांनी हा आकडा खाली धरावा. सोलापुरी टेरी टॉवेलच्या फासांत टाका बुडतो, म्हणून वरून पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवावी लागते, वेगही कमी ठेवावा लागतो. तिथला उशीर हा कामाचाच भाग आहे.

अर्धा दिवस जातो कुठे, हे मात्र मशीनजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सगळ्यात जास्त वेळ फ्रेम खाते. 6,000 टाक्यांचा लोगो 750 च्या वेगाने आठ मिनिटांत भरून होतो. मग तोच माणूस फ्रेम काढतो, कापड सोडवतो, दुसरं ताणून लावतो, खूण जुळवतो. यात चार मिनिटं गेली तर प्रत्येक खिशाला बारा मिनिटं लागली. आठ तासांत 40 खिसे. त्याच मापाची दुसरी फ्रेम घेऊन, पहिला खिसा भरला जात असतानाच पुढचं कापड तिच्यात लावून ठेवलं, तर अदलाबदलीला मिनिटभर पुरतं. खिसे 53 होतात. एवढा फरक एका फ्रेमच्या किमतीत पडतो. त्याहून मोठा फरक हवा असेल तर कारखानदाराशी बोला. कापलेले सुटे खिसे पाठवण्याऐवजी त्याने अख्खा पट्टा पाठवला, तर मोठ्या फ्रेममध्ये सहा-आठ लोगो एका दमात भरता येतात आणि खिसे नंतर कापता येतात. आपल्याकडे कारखाना आणि एम्ब्रॉयडरीचं दुकान बऱ्याचदा एकाच गावात असतं, तेव्हा हे बोलणं चहाच्या वेळात होऊ शकतं. ते होत नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं.

दुसरी गळती पंचिंगची, म्हणजे लोगोवरून मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवण्याच्या कामाची. स्वस्तात करून घेतलेल्या डिझाइनमध्ये एकच रंग तीन वेळा येतो, दर अक्षराला धागा कापला जातो, आणि त्या प्रत्येक जागी मशीन थांबतं. एकाच शाळेचे हजारो खिसे भरायचे असतील तर पंचिंग नीट दुरुस्त करून घेण्यात कंजुषी करू नये. धागा सारखा तुटत असेल तर आधी सुई बदलून बघा. बॉबिन भरून तयार ठेवा.

एवढं करूनही आकडा वर राहिला, तर तो कोणत्या महिन्यांतला आहे ते पाहा. मे महिन्याची वही दाखवून कुणी मशीन घेऊ नये, ऑगस्ट-सप्टेंबरची उघडावी. हप्ता बाराही महिने येतो. दोन महिन्यांचा जादा माल शेजारच्या दुकानात जॉबवर्कला दिला तर नफा कमी होतो, पण शाळा हातची जात नाही. कर्ज मिळतंय हेही मशीन घेण्याचं कारण नव्हे. मुद्रा योजनेतल्या 'किशोर' गटात 5 लाखांपर्यंत, 'तरुण' गटात 10 लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे, ती पुढच्या वर्षीही राहील.

आणि वही मशीनच मागत असेल, तर सुया आणि हेड यांत गल्लत करू नका. 15 सुयांचं मशीन 12 सुयांच्या मशीनपेक्षा जास्त माल काढत नाही. एका हेडवर एका वेळी एकच सुई शिवते. बाकीच्या सुया वेगवेगळे रंग ओवून ठेवण्यासाठी असतात. माल वाढतो तो हेड वाढल्याने. चार हेडचं मशीन चार खिशांवर तोच लोगो एकदम भरतं. मात्र एका हेडचा धागा तुटला की साधारणपणे चारही थांबतात, आणि चार ब्लाउजांवर चार वेगळी डिझाइन्स एकाच वेळी भरता येत नाहीत. म्हणून गणवेशवाल्याला जास्त हेड परवडतात. लग्नाचे ब्लाउज, खेळाडूंची नावं, पाच-दहा नगांच्या ऑर्डरी ज्याच्याकडे येतात, त्याने एकेका हेडची दोन मशीनं घ्यावीत. त्यातलं एक बंद पडलं तरी दुकान चालू राहतं.

खरेदी दिवाळीनंतर करा. मशीन बसवणं, कारागिराचा हात बसणं, धाग्याचा ताण जुळणं यात पहिले काही आठवडे जातात, आणि ते आठवडे मे महिन्यात कुणाकडेच नसतात.