नसबंदीचा मोबदला: बक्षीस नेमकं कुणाचं मन वळवतं?

कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम 1952 मध्ये सुरू झाला. भिंतीभिंतीवरचा लाल त्रिकोण मात्र 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. त्याच्याही आधी, 1956 मध्ये, मद्रास राज्याने नसबंदी करून घेणाऱ्या गरिबांना रोख रक्कम द्यायला सुरुवात केली होती. कागदोपत्री त्याला बक्षीस म्हणत नसत. तो 'मोबदला' होता, म्हणजे बुडालेल्या मजुरीची भरपाई. हा शब्द सोयीचा होता. रक्कम मजुरीच्या जवळपास असेपर्यंत ती खरोखर भरपाईच असते. कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी झाली, की शब्द तोच राहतो आणि व्यवहार बदलतो. काही वर्षांतच 'केस', म्हणजे नसबंदीसाठी माणूस, आणून देणाऱ्यालाही पैसे मिळू लागले, आणि पुढचा बराचसा इतिहास या दुसऱ्या माणसाचा आहे.

बक्षिसाचा सर्वांत गाजलेला प्रयोग केरळात एर्नाकुलमला झाला. जुलै 1971 मध्ये तिथल्या महिनाभराच्या शिबिरात 63 हजारांहून अधिक पुरुषांनी नसबंदी करून घेतली. जिल्हाधिकारी एस. कृष्णकुमार यांनी सगळी प्रशासकीय यंत्रणा कामाला लावली होती. नेहमीपेक्षा मोठी रक्कम, वर भेटवस्तू, मिरवणुका, वाजंत्री. शिबिर कसलं, जत्राच. गुजरातसह इतर राज्यांनी हा नमुना उचलला. 1972-73 मध्ये देशभरात सुमारे 31 लाख नसबंद्या झाल्या आणि पुढच्याच वर्षी आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास घसरला. निधी आटला आणि मोठी शिबिरं थांबली, हे एक कारण. दुसरं कारण बक्षिसाच्या स्वभावातच आहे. ज्यांचं आधीच ठरत आलेलं असतं, त्यांना ते लवकर ओढून आणतं. तेवढी माणसं संपली, की उरलेल्यांसाठी तीच रक्कम अपुरी पडते.

पैसे कधी हातात पडतात, यानेही फरक पडतो. शस्त्रक्रिया दहा-पंधरा मिनिटांची, स्थानिक भूल देऊन होणारी. पण तिचा परिणाम लगेच होत नाही. साधारण तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं आणि मग वीर्यतपासणी करून खात्री करायची असते. मोबदला मिळे तो शस्त्रक्रियेच्या वेळी. तपासणीला परत येण्यासाठी कसलंच आमिष नव्हतं. मग मधल्या काळात दिवस राहिले, की संशय घरातल्या बाईवर आणि बोभाटा गावभर. एवढी बदनामी पुसायला कुठलं पोस्टर पुरणार?

16 एप्रिल 1976 ला, आणीबाणीत, आरोग्यमंत्री करणसिंह यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केलं. दोन किंवा कमी मुलं असताना नसबंदी केल्यास 150 रुपये, तीन असल्यास 100, चार किंवा जास्त असल्यास 70. उतरता दर हिशेबाने चोख होता. पण शिक्षक, तलाठी, आरोग्यसेवक यांच्यावर उद्दिष्टं लादली गेली, आणि ती पुरी झाली नाहीत तर पगार, बढती अडकू लागली. ज्याची नोकरी केसवर टांगली आहे, तो समोरच्याला पटवत बसत नाही. 1976-77 मध्ये सुमारे 82 लाख 60 हजार नसबंद्या झाल्या. आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे मृत्यूंच्या तक्रारी आल्या आणि अविवाहितांवर शस्त्रक्रिया झाल्याच्याही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच संमत केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झालं नाही.

1977 नंतर कार्यक्रमाच्या नावातलं 'नियोजन' जाऊन 'कल्याण' आलं. पुरुष नसबंदी मात्र पुन्हा उभी राहिली नाही; भार बायकांवर गेला. उद्दिष्टं अधिकृतपणे 1996 मध्ये काढली. तरी 2014 मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरानंतर बायका दगावल्या, आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरं बंद करण्याचा आदेश दिला.

सातारा जिल्हा परिषदेची 2007 ची योजना या परंपरेत वेगळी ठरते. लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं लांबवणाऱ्या जोडप्याला 5,000 रुपये, तीन वर्षं लांबवल्यास 7,500. शस्त्रक्रिया नाही, निर्णय कधीही फिरवता येतो, आणि पैसे जोडप्यालाच. 2012 मध्ये केंद्राने असंच अंतर राखण्यासाठी योजना आणली, तेव्हा लग्नानंतरच्या दोन वर्षांच्या अंतराचे 500 रुपये जोडप्याला नव्हे, आशा कार्यकर्तीला द्यायचं ठरलं.