खोक्यावरचे 200 अँपिअर

कूलरचा स्टँड मोडला की तो मोटरसायकलला बांधून वेल्डिंगच्या दुकानात न्यायचा. तिथे ट्रॉल्या, पेरणी यंत्रं, गेटं यांची आधीच रांग. चार टाक्यांसाठी अर्धा दिवस जातो. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडे स्वतःची वेल्डिंग मशीन घ्यायचा विचार बहुतेकांना याच रांगेत सुचत असावा. मला तरी तिथेच सुचला. दुकानातल्या भाऊंना विचारलं, कोणती घेऊ? त्यांनी हातातलं काम न थांबवता सांगितलं, “मशीन मंग पाह्यजा सर, आंधी घरचं व्होल्टेज पाहा.”

मी ऐकलं नाही. ऑनलाइन गेलो आणि ‘200 अँपिअर’ असं ठळक छापलेली, पाच किलोची, स्वस्त मशीन मागवली. पहिल्याच संध्याकाळी रॉड, म्हणजे वितळून जोड भरणारी कांडी, लोखंडाला असा चिकटला की उपटून काढावा लागला.

वेल्डिंगला व्होल्टेज कमीच लागतं, करंट मात्र भरपूर लागतो. रॉड टेकवून दोन-तीन मिलिमीटर उचलला की मधल्या हवेतून वीज वाहू लागते आणि हजारो अंशांची ज्योत तयार होते. साधं पोलाद 1500 अंशांच्या आसपासच वितळतं. ही ज्योत टिकायला किती व्होल्ट हवेत याचा ठोकताळा सोपा आहे: करंटला 0.04 ने गुणा आणि त्यात 20 मिळवा. म्हणजे 100 अँपिअरला 24 व्होल्ट, आणि गुणाकार केला की 2400 वॉट. तीन एचपीच्या मोटरीपेक्षा जरा जास्तच.

आता हेच भिंतीतल्या प्लगच्या बाजूने पाहा. मशीनमध्ये थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. शिवाय स्वस्त मशीन करंट सरळ न घेता गचके देत घेते. हे सगळं धरलं तर 230 व्होल्टवर साधारण 17-18 अँपिअर ओढले जातात. घरातला मोठा प्लग 16 अँपिअरचा. आणि व्होल्टेज 180 वर आलं, तर तेवढीच शक्ती मिळवायला मशीनला 22 अँपिअर लागतात. करंट वाढला की वायरीतच जास्त व्होल्ट संपतात, मशीनपाशी व्होल्टेज आणखी उतरतं, ज्योत टिकत नाही आणि रॉड चिकटतो. अंगणात काम करायचं म्हणून 30 मीटर लांब, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, तर 18 अँपिअरला एकट्या त्या वायरीतच बारा-तेरा व्होल्ट संपतात. अडीचची वायर घेतली तर साडेसात. मशीनवर हजार रुपये जास्त घालण्याआधी ते या वायरीवर घाला.

म्हणून मे महिन्यात, संध्याकाळी, घरोघरी कूलर लागलेले असताना मल्टीमीटर घेऊन आपल्या प्लगचं व्होल्टेज मोजा. सकाळचं मोजून काही कळत नाही. मशीनच्या माहितीपत्रकात ती किमान किती व्होल्टवर चालते हे दिलेलं असतं. दुकानात सगळ्यात आधी तोच आकडा विचारा.

मग 200 अँपिअरचं काय करायचं? खरं म्हणजे काहीच नाही. कूलर स्टँड, कुंड्यांचं रॅक, गोठ्याची फाटकं हे सगळं तीन मिलिमीटरच्या अँगलचं किंवा त्याहून पातळ चौकोनी पाइपचं काम. त्याला 12 नंबरचा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा रॉड पुरतो आणि तो 60 ते 90 अँपिअरवर चालतो. ऐंशीवर काम केलं तर प्लगमधून तेरा-चौदा अँपिअरच जातात. 10 नंबरच्या रॉडला 90 ते 130 लागतात. नवशिक्याने तो वर्षभर घरात आणू नये, असं माझं मत.

मशीनच्या पाटीवर टक्क्यांत एक आकडा असतो, ड्यूटी सायकल. 60 टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं विश्रांती. हा आकडा काढताना भोवतालची हवा 40 अंशांची धरतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि टिनाच्या शेडखाली त्याहून जास्त. तेव्हा पाटीवरचे 60 टक्के मिळायचे नाहीत. मशीनने मध्येच पिवळा दिवा लावून काम थांबवलं तर ती बिघडली असं समजू नका. पंखा चालू ठेवा, तिला थंड होऊ द्या. उन्हाळ्यात मी सकाळी नऊच्या आत काम उरकतो.

जुनी ट्रान्सफॉर्मर मशीन दोघांनी उचलावी लागते, इन्व्हर्टर मशीन खांद्याला अडकवता येते. कारण असं. विहिरीतून मोटेने पाणी काढताना खेपा कमी, म्हणून मोट मोठी लागते. खेपा हजारपट वाढवल्या तर तांब्यानेही तेवढंच पाणी निघेल. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा म्हणजे ही मोट. घरची वीज सेकंदाला 50 वेळा आवर्तन घेते. इन्व्हर्टर मशीन आधी ती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, करते आणि मग इलेक्ट्रॉनिक स्विचने सेकंदाला हजारो वेळा तोडते-जोडते. एका खेपेला थोडीच ऊर्जा वाहायची असल्यामुळे गाभा मुठीएवढा झाला तरी चालतो.

घरासाठी मी इन्व्हर्टरच घ्या म्हणेन. पण जुन्या मशीनला हसू नका. ती धूळ खाऊन चालते आणि जळली तरी तालुक्याला वाइंडिंग करून मिळते. इन्व्हर्टरचा पंखा कापसाचं तूस आणि ग्राइंडरचा लोखंडी भुसा आत ओढतो. तो भुसा वीजवाहक असल्याने सर्किट बोर्डावर बसला की खेळ संपला. ग्राइंडर आणि मशीन यांच्यात अंतर ठेवा.

मिगचा, म्हणजे रॉडऐवजी रिळावरची तार आपोआप पुढे येते त्या वेल्डिंगचा, मोह अनेकांना होतो, कारण पातळ पत्र्यावर ते सोपं जातं. पण त्याला सिलिंडरमधला वायू लागतो आणि उघड्यावर वारा तो उडवून नेतो. टिग, म्हणजे एका हातात न वितळणारी टंगस्टनची कांडी आणि दुसऱ्या हातात भरायची तार, हे तर घाईच्या माणसाचं कामच नाही. साध्या रॉडवरचं आवरण जळताना स्वतःच वायू सोडतं आणि वितळलेल्या लोखंडावर स्लॅगची, म्हणजे मळीची, खपली धरतं. अशा आवरणाचा रॉड स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणला. अंगणातल्या वाऱ्यात अजून तोच कामाचा. एवढंच, की पावसाळ्यात तो ओल धरतो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप जोडताना पांढरा धूर निघतो. तो नाकात गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. जोडाच्या जागेचा मुलामा आधी घासून काढा. डोळ्यांपुढची काळी काच 10 नंबरची घ्या आणि पोरांना बघायला उभं करू नका. ज्योतीतल्या अतिनील किरणांनी डोळे लगेच दुखत नाहीत, सहा-आठ तासांनी, रात्री, वाळू गेल्यासारखे टोचू लागतात.

आणि मशीन लावायची जागा ठरवताना पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळल्या झाडांची) गंजी, कुटार (गुरांचा भुसा), घरात साठवलेला कापूस कुठे आहे ते पाहा. ठिणगी दहा मीटरपर्यंत सहज जाते. मी बादलीभर पाणी आणि ओलं पोतं घेऊन बसतो, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच चहा पितो.