केग फ्रेश, मग बिअर आंबट कशी? जरा नळ उघडून बघा

ड्राफ्ट बिअरला, म्हणजे बारमध्ये नळातून ओढलेल्या बिअरला, आंबूस वास आला की गिऱ्हाईक कंपनीला शिव्या घालतं आणि बारवाला डिस्ट्रिब्युटरला फोन लावतो. पण केग म्हणजे स्टीलचं बंद पिंप, आत हवा नाही, वरून कार्बन डायऑक्साइडचं प्रेशर, ठेवलेलं ३-४ अंश सेल्सियसला, तिथे बिघडायला वाव तसा कमीच. गडबड होते ती बऱ्याचदा पुढे, पाइपात आणि त्याहून जास्त शेवटच्या चार इंचात, म्हणजे नळात.

अमेरिकेतल्या बारमध्ये सर्रास दिसणारा साधा नळ घ्या. दांडी पुढे ओढली की आतला दट्ट्या मागे सरकतो, त्याच्या मागच्या टोकाचा वायसर जागेवरून उठतो आणि बिअर वाहते. दांडी परत मागे ढकलली की वायसर पुढे येऊन जागेवर बसतो. म्हणजे बिअर अडते ती नळाच्या मागच्या बाजूला, पुढची नळी ओली आणि उघडीच राहते. त्यात हवेसाठी बारीक भोकंही असतात, ती नसतील तर तोंडाशी बिअर अडकून टपटपत राहील. आता विचार करा, आत बिअरचा चिकट थर, बाहेरून हवा आणि शिवाय नळ फ्रिजच्या बाहेर, रूम टेंपरेचरला. अ‍ॅसिटोबॅक्टर नावाच्या बॅक्टेरियाला यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार? त्याला अल्कोहोल लागतं आणि ऑक्सिजन लागतो, दोन्ही घेऊन तो व्हिनेगर बनवतो. चिलटं या वासावर येतात आणि बॅक्टेरिया एका नळावरून दुसऱ्यावर नेतात ते वेगळंच. मागच्या पाइपात ऑक्सिजन नसतो, तिथे लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस हे दुसरे बॅक्टेरिया वाढतात, त्यांच्यामुळे आंबटपणा येतो आणि लोण्यासारखा वासही.

तब्येतीला यातून सहसा काही होत नाही हे मात्र सांगायला हवं. बिअरचा पीएच ४ च्या आसपास, वर अल्कोहोल आणि हॉप्स या बिअरमध्ये घालायच्या फुलांमधली कडू द्रव्यं, त्यामुळे माणसाला आजारी पाडणारे जंतू त्यात टिकत नाहीत. चवीची मात्र वाट लागते.

मग नळावरून गरम पाणी ओतलं की झालं का? नाही. हे जंतू बुळबुळीत थर करून त्याखाली दडून बसतात आणि तो थर काढायला कॉस्टिक सोड्याचं साधारण २ टक्क्याचं द्रावण लागतं. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशन या बिअर बनवणाऱ्यांच्या संघटनेची शिफारस आहे की दर १४ दिवसांनी लाइन, म्हणजे केगपासून नळापर्यंतचा पाइप, कॉस्टिकने धुवा आणि त्याच वेळी नळ पूर्ण खोलून ब्रशने घासा. दर तीन महिन्यांनी अ‍ॅसिडने सफाई वेगळी, कारण बिअरमधल्या कॅल्शियम ऑक्झलेटचा दगडासारखा थर जमतो, बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जमतो तसाच, आणि तो कॉस्टिकला दाद देत नाही. अ‍ॅसिड आणि कॉस्टिक कधीच एकत्र करायचे नाहीत, हातमोजे आणि चष्मा घालायचा. अजून एक चूक लोक करतात, कॉस्टिक ढकलायला केगचाच गॅस वापरतात, पण कार्बन डायऑक्साइड कॉस्टिकशी रिअ‍ॅक्ट होऊन त्याची ताकदच मारतो, म्हणून पंप वापरायचा.

नळ खोलताना आधी गॅस बंद करा, केगवरचा कपलर, म्हणजे केगला पाइप जोडणारा भाग, काढा, दांडी ओढून प्रेशर जाऊ द्या, नाहीतर तोंडावर आंघोळ होते. मग एक गंमत. नळाच्या मागचा नट खास पान्याने सोडवायचा, पण समोर उभं राहून नेहमीसारखा डावीकडे फिरवला तर तो अजून आवळतो. आटे उलटे नाहीत, सरळच आहेत, फक्त तो नट मागून नळावर चढतो आणि आपण बघतोय समोरून, म्हणून सोडवताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा.

खोलल्यावर दुखणं लगेच दिसतं. नळ बंद असून टपटपत असेल तर मागचा वायसर झिजलाय, बदला, किरकोळ खर्च आहे. दांडी जड चालत असेल तर साखर वाळून बसली असणार. दांडी आपोआप पडत असेल तर वरची टोपी आवळा किंवा आतला वायसर बघा. ओ-रिंगला, म्हणजे आतल्या गोल रबरी कडीला, फूड-ग्रेड सिलिकॉन ग्रीसच लावायचं, तेलबिल नको, त्याने बिअरचा फेस बसतो. आणि पितळेवरचं क्रोम उडालं असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, बिअर मुळातच आम्लधर्मी, ती उघड्या पितळेला लागली की धातूची चव येते. सरळ स्टेनलेस स्टीलचा घ्या, आणि घ्यायचाच तर पुढून बंद होणारा, त्यात आतली नळी कायम बिअरने भरलेली राहते, हवा लागत नाही, वाळत नाही. माझ्या मते रोज दोन-चारच ग्लास जाणाऱ्या नळाला तर हाच हवा.

स्टाउट या काळ्या बिअरच्या नळाचं प्रकरण वेगळं. गिनेस या स्टाउट बनवणाऱ्या कंपनीत मायकेल अ‍ॅश या गणितज्ञाने १९५९ मध्ये बिअरमध्ये नायट्रोजन वापरायची पद्धत बसवली. या नळाच्या तोंडात बारीक भोकांची चकती असते, त्या भोकांतून जोराने जाताना गॅस सुटतो आणि तो मऊ फेस येतो. भोकं बुजली की फेस गेलाच, त्यामुळे ही चकती दर वेळी काढून साफ करायची.

पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही स्वतःची बिअर बनवणारी ब्रुअरी सुरू झाली, मग पुण्यामुंबईत ड्राफ्ट बिअर देणारे टॅपरूम वाढत गेले, आणि आपल्या उकाड्यात उघड्या नळात जंतू अजून जोमाने वाढणार हे उघड आहे. तरी धुताना पाइपातली बिअर वाया जाते म्हणून सफाई लांबवणारे असतातच. हिशोब करून बघा. जवळच्या फ्रिजपासूनची लाइन आतून जेमतेम ४.८ मिलिमीटर, म्हणजे मीटरला साधारण १८ मिलि बिअर. तीन मीटरचा पाइप असेल तर एका लार्ज पेगाएवढीही नाही. लांबच्या कोल्डरूममधून ३० मीटर जाड लाइन आणली असेल तर दोनेक लिटर जाते हे खरं, पण तीही पाण्याने पुढे ढकलून जगमध्ये भरून घेता येते.