लेझर विमान क्षेपणास्त्र ‘भस्म’ करत नाही

विमानातून लेझर सोडला की क्षेपणास्त्र क्षणात भस्म, असं जळगाव-भुसावळकडे आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं होत नाही. अमेरिकेच्या बोइंग ७४७ वरच्या मेगावॉट लेझरने फेब्रुवारी २०१० मध्ये चाचणीत क्षेपणास्त्र पाडलं खरं, पण त्यासाठी किरण काही सेकंद एकाच जागी धरावा लागतो. क्षेपणास्त्राचा पत्रा तापून मऊ पडतो आणि आतल्या दाबानेच फाटतो.

खरी अडचण हवेची. मे महिन्यात आपल्याकडे तापलेल्या डांबरावर समोरचा ट्रक कसा थरथरताना दिसतो? तशीच हवा किरण फाकवते. म्हणून आधी छोट्या लेझरने ही थरथर मोजायची, मग आकार बदलणाऱ्या आरशाने किरण सावरायचा. त्यात हा लेझर रसायनांवर चालणारा, म्हणून क्लोरीन, आयोडीन, पेरॉक्साइड विमानातच; साठा संपला की तळावर परत. लेझरचा पल्लाही अपुरा, त्यामुळे शत्रूच्या हद्दीतच घिरट्या घालाव्या लागल्या असत्या. २०११ मध्ये प्रकल्प गुंडाळला.