आयर्लंडचा स्टुडंट व्हिसा: फाइल नेमकी कुठे अडते

डब्लिन, कॉर्क किंवा गॉलवेच्या कॉलेजचं ऑफर लेटर आलं की घरात पेढे येतात. खा, पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. नकाराची पत्रं घेऊन येणाऱ्या बहुतेक मुलांची गोची एकसारखीच असते. पैसे असतात, पण ते कुठून आले हे कागद सांगत नाहीत.

आधी पात्रता. कोर्स पूर्णवेळ हवा. फी ६,००० युरोंपेक्षा कमी असेल तर सगळी, जास्त असेल तर निदान ६,००० युरो कॉलेजला भरल्याची पावती हवी. राहण्याखाण्यासाठी वर्षाला १०,००० युरो दाखवावे लागतात. २०२३ च्या जुलैआधी हा आकडा ७,००० होता, आणि जुने व्हिडिओ पाहून अजूनही कोणीतरी तेवढेच घेऊन येतं. कोर्स दोन वर्षांचा असेल तर पुढच्या वर्षाची सोयही दाखवायची असते. शिवाय मेडिकल इन्शुरन्स. हे झालं सोपं.

आता बँक. सहा महिन्यांचं स्टेटमेंट लागतं, आणि त्यातली प्रत्येक मोठी जमा रक्कम समजावून सांगावी लागते. आपल्याकडे काय होतं? अर्जाच्या आदल्या महिन्यात काका पाच लाख टाकतात, मामा तीन. खातं फुगतं आणि फाइल तिथेच संशयात येते. शेतजमीन विकली असेल तर खरेदीखत जोडा, उसाचं बिल असेल तर कारखान्याची पावती. नुसता सातबारा जोडून उपयोग नाही. जमीन म्हणजे हातातले पैसे नव्हेत. बँकेचं एज्युकेशन लोन असेल तर मंजुरीपत्र लावा, ते जास्त स्वच्छ पडतं.

दुसरा काटा कोणालाच माहीत नसतो. बचत खातं दाखवलं तर त्यातले पैसे हवे तेव्हा काढता येतात, असं बँकेचं लेटरहेडवर पत्र लागतं. शाखेत गेलात की उत्तर ठरलेलं: ‘असं पत्र आम्ही देत नाही.’ देतात, तीन फेऱ्यांनंतर. मजकूर स्वतः टाइप करून न्या, म्हणजे साहेबांना फक्त सही-शिक्का करायचा राहतो. नेटवरून काढलेल्या स्टेटमेंटवरही बँकेचा शिक्का घ्या.

खर्च वडील करणार असतील तर ते तुमचे वडील आहेत हे सिद्ध करायला जन्मदाखला लागतो. ग्रामपंचायतीच्या कित्येक जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो, कारण नोंद बारशाआधी झालेली. ते नाव चढवून घ्यायला वेळ जातो, तेव्हा दाखला आजच काढून बघा. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. मार्कशीटवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी, पासपोर्टवर भलताच क्रम, असंही होतं. एक साधं प्रतिज्ञापत्र पुढची पत्रापत्री वाचवतं.

शिक्षणातला खंड लपवू नका. दोन वर्षं एमपीएससीचा अभ्यास केला असेल तर तसंच लिहा. क्लासची पावती, हॉलतिकीट जोडा. दुसऱ्या कुठल्या देशाने पूर्वी व्हिसा नाकारला असेल तर तेही सांगा. नकार चालतो, लपवलेला नकार चालत नाही.

तारखांचा घोळ वेगळाच. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. पण ऑनलाइन फॉर्म भरला म्हणजे अर्ज झाला, असं समजून मुलं निवांत बसतात. फॉर्म भरल्यावर निघणाऱ्या छापील समरीवर सही करून मूळ कागदांसह फाइल तीस दिवसांत व्हिसा अर्ज केंद्रावर पोचली पाहिजे. एकदाच देशात शिरता येणाऱ्या (सिंगल एंट्री) व्हिसाची फी ६० युरो, केंद्राचे पैसे वेगळे.

नकार आलाच तर पत्राच्या तारखेपासून दोन महिन्यांत अपील करता येतं, त्याला फी नाही. मात्र पत्रात लिहिलेल्या प्रत्येक कारणाला नवा कागद जोडा. तीच फाइल पुन्हा पाठवलीत तर तेच उत्तर परत येईल.

आणि हो, बेलफास्टला सहज फिरून येऊ म्हणाल तर थांबा. तो युनायटेड किंगडमचा भाग आहे, हा व्हिसा तिथे चालत नाही. उतरल्यावर ९० दिवसांत इमिग्रेशन नोंदणी करायची असते, तिचे ३०० युरो पहिल्या महिन्याच्या भाड्यात मोडू नका.