टीएस की पीएस? कॅन उचलण्याआधी प्लास्टिक बघा

जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीचे, मॉडेल गाड्या रंगवायचे दोन स्प्रे कॅन शेजारी ठेवले तर पटकन फरक कळत नाही. दोन्ही 100 मिलिलिटरचे, आकार सारखाच. एकाच्या क्रमांकाआधी टीएस लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या आधी पीएस. लाल रंग हवा असला की आपण लाल कॅन शोधतो, अक्षरांकडे लक्ष जात नाही. माझंही गेलं नव्हतं. भाच्याच्या रिमोटच्या गाडीची पारदर्शक बॉडी मी टीएस-8 इटालियन रेडने रंगवून दिली. रंग सुरेख बसला. पहिल्याच संध्याकाळी गाडी पायरीवर आपटली आणि पुढच्या कोपऱ्यातून रंगाची खपली सुटली. नखाने जरा ओढल्यावर बोटभर पट्टा निघाला. पोराचा चेहरा अजून आठवतो.

कॅनमध्ये खोट नव्हती. टीएस हा लॅकर रंग पॉलिस्टायरीनसाठी बनवलेला आहे. 1/24 प्रमाणातल्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या) शोकेसमधल्या गाड्यांचे सुटे भाग याच कडक प्लास्टिकचे असतात. रंगातलं द्रावक प्लास्टिकला किंचित चावतं, त्यामुळे रंग धरतो आणि वाळून कडक होतो. रिमोटच्या गाडीची पातळ, पारदर्शक बॉडी पॉलिकार्बोनेटची असते. धडक बसली की ती वाकते आणि परत पूर्ववत होते. टीएस तिला नीट धरत नाही आणि तिच्याबरोबर वाकतही नाही. पीएस पॉलिकार्बोनेटला पकडतो आणि वाळल्यावरही लवचिक राहतो. उलटी चूकही महागात पडते: पीएस पॉलिस्टायरीनवर मारला तर भागाचा गुळगुळीत पृष्ठभागच खराब होऊ शकतो.

म्हणून 'चालणारी गाडी म्हणजे पीएस, शोभेची म्हणजे टीएस' असं अनेकजण सांगतात. बहुतेक वेळा ते खपून जातं, पण नियम तो नव्हे. तामियाच्याच ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या 1984 च्या दोन बग्गी घ्या. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, जवळजवळ एकच, दोन्ही रिमोटवर धावणाऱ्या. पण ग्रासहॉपरची बॉडी कडक प्लास्टिकची आहे, तिला टीएस लागतो. हॉर्नेटची पॉलिकार्बोनेटची, तिला पीएस. गाडी काय करते हे विचारू नका, हातातलं प्लास्टिक कोणतं ते विचारा.

खरी गंमत मला वाटते ती कामाच्या क्रमात. टीएस बाहेरून मारायचा. आधी साच्याच्या रेषा वॉटर पेपरने घासून काढायच्या, मग प्रायमर, मग रंगाचे पातळ हात. भाग लाल प्लास्टिकचा असेल आणि वर पांढरा हवा असेल तर जास्त जपायचं, कारण खालचा लाल वर उतरून पांढऱ्याला गुलाबी झाक येते. रंगावर डेकल, म्हणजे चिकटवायची पातळ चित्रं, आणि डेकलवर टीएस-13 क्लियर, म्हणजे पारदर्शक थर. हा क्लियर जहाल आहे. पहिलाच हात ओला दिला तर डेकलला सुरकुत्या पडतात. आधी दोन-तीन वेळा नुसता धुक्यासारखा उडवायचा. मग काही दिवस थांबायचं. नाक जवळ नेल्यावर वास येत असेल तर रंग अजून वाळलेला नाही. त्यानंतर पॉलिशिंग कंपाउंड: आधी जाड, मग बारीक, शेवटी फिनिश. बॉनेटच्या उंच कडांवर हात हलका ठेवा, तिथे रंगाचा थर सगळ्यात पातळ असतो आणि खालचं प्रायमर उघडं पडायला वेळ लागत नाही.

पीएसला यातलं जवळजवळ काहीच लागत नाही, कारण तो आतून मारतात. बाहेरून दिसते ती चकाकी प्लास्टिकची असते, रंगाची नव्हे. बॉडी आतून भांड्याच्या साबणाने धुवायची, खिडक्यांवर रंग बसू नये म्हणून आतूनच मास्क (झाकायचे चिकट तुकडे) लावायचे, बाहेरची संरक्षक फिल्म शेवटपर्यंत काढायची नाही. जो रंग सगळ्यात वर दिसायचा तो आधी मारायचा. गडद पट्टे आधी, फिकट रंग नंतर. उलट केलं तर फिकट रंगाच्या मागून गडद डोकावतो. सगळ्यात मागे पीएस-1 पांढऱ्याचा किंवा पीएस-12 चंदेरीचा आधार दिला की लाल-पिवळा उठून दिसतो. खिडक्यांचे मास्क काढून पीएस-31 स्मोकचा एक हात दिला की काच काळसर होते. शेवटी फिल्म सोलायची. गाडी रस्त्यावर कितीही घासली तरी ओरखडा प्लास्टिकवर येतो, रंग आत सुरक्षित राहतो.

पावसाळ्यात मात्र सांभाळून, विशेषतः मुंबईत आणि कोकणात. टीएसमधलं द्रावक झपाट्याने उडतं, पृष्ठभाग थंड होतो, हवेतला दमटपणा त्यावर जमतो आणि चकचकीत काळ्यावर पांढरट साय धरते. अशा दिवशी कॅन बाजूला ठेवून चाकं आणि इंजिन ब्रशने रंगवून घ्यावं. उघडीप मिळाली की खोलीच्या खिडक्या उघडून, तोंडाला रेस्पिरेटर (वाफा गाळणारा मुखवटा) लावून स्प्रेचं काम करावं.

एक पेच उरतो. पॉलिकार्बोनेट बॉडीच्या गाडीचे आरसे आणि मागचा विंग बऱ्याचदा कडक प्लास्टिकचे असतात. म्हणजे एकाच गाडीला दोन्ही कॅन लागतात, आणि टीएसचा लाल व पीएसचा लाल तंतोतंत जुळेलच असं नाही. बॉडी कापताना उरलेला पारदर्शक तुकडा आणि कडक प्लास्टिकचे सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात ती चौकट टाकू नका. दोन्हींवर आपापला लाल मारून उन्हात शेजारी धरा. जुळत नसतील तर मी आरसे सरळ टीएस-14 काळ्याने रंगवतो.